न फुटलेलं लिंबू

खंडारे सरांना त्या दिवशी सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तो कौतुकाचा.

"सर, इतका सुंदर आलेख मी आजवर पाहिलेला नाही," डॉ. ईशान पळसुले पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. माणूस पस्तिशीचा, पुण्याहून मापनाची गाडी घेऊन अकोल्याला आलेला, आणि खरोखरच भारावून गेलेला. "एकोणपन्नास किलोची मुलगी आणि ठोसा त्रेसष्ट किलोवालीचा! तुम्ही हे शिकवलंत तरी कसं?"

"ते राहू द्या. आता तिले कोनासंगं लढवसान?"

"चौथ्या गटात. तिथल्या मुली साधारण साठ ते सहासष्ट किलोच्या आहेत. पण ठोशाची ताकद सारखी, त्यामुळे तसं न्यायाचंच आहे."

सर पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. तोंड उघडलं असतं तर भलतंच काहीतरी निघालं असतं. पलीकडे बाकावर शलाका गावंडे पायातले मापनाचे मोजे काढत होती. 'चौथ्या' हा शब्द तिच्या कानावर पडला आणि एक मोजा हातात धरून ती तशीच बसून राहिली.

ही गोष्ट २०४१ सालची. दोनच वर्षांपूर्वी बॉक्सिंगमधले वजनगट मोडीत निघाले होते. त्यामागे कारणही तसंच होतं. जगभरात चाळिशीतले माजी बॉक्सर स्वतःच्या मुलांची नावं विसरू लागले होते, आणि डोक्यावर बसलेल्या ठोशांचा हिशेब मागायची वेळ आली होती. तेव्हा शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट पुढे मांडली. वजनकाटा ठोशाबद्दल फार थोडं सांगतो. पन्नास पन्नास किलोच्या दोन मुली घेतल्या, तर एकीचा ठोसा दुसरीच्या दुप्पट असू शकतो. मग जिचा ठोसा जेवढा, तिला तेवढ्याच ठोशाची प्रतिस्पर्धी द्या. तळव्याखाली, कमरेला, खांद्यावर आणि हातमोज्यात सेन्सर लावायचे, तीस ठोसे मारून घ्यायचे, आणि गट ठरवायचा. सहा गट. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती.

खोट काढली खंडारे सरांनी, पण ती नंतर. आधी त्यांच्या क्लबाबद्दल सांगायला हवं.

क्लब म्हणजे डाबकी रोडवरच्या कापसातून सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगची शेड. वर पत्रा, खाली फरशी, आणि छताच्या लोखंडी तुळयांना टांगलेल्या ठोसे मारायच्या पाच थैल्या. त्या थैल्यांमध्ये सरांनी सरकी आणि रुईचा कचरा ठासून भरला होता, कारण शेडमध्ये फुकट मिळणारी वस्तू तेवढीच होती. बत्तीस वर्षं सर इथे शिकवत होते. शिकवायची त्यांची रीत एका वस्तूवर उभी होती, आणि ती वस्तू म्हणजे पिकलं कागदी लिंबू.

नव्या मुलीला सर आधी सहा महिने पायच शिकवायचे. ठोसा हातात नसतो, टाचेत असतो, हे त्यांचं पहिलं वाक्य. मागचा पाय जमिनीला रेटतो, जमीन तेवढ्याच जोराने त्याला परत रेटते. तो रेटा कमरेत चढतो, कंबर फिरते, कमरेमागून धड, धडामागून खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. मधे एक जरी सांधा आपल्या वेळेआधी किंवा वेळेनंतर हलला, की खालून आलेला जोर तिथेच सांडतो.

एवढं जमलं की हातात लिंबू यायचं. लिंबू बोटांत सैल धरायचं आणि थैलीवर ठोसा मारायचा. हात जाताना ढिला, कारण आवळलेला हात सावकाश जातो. पण थैलीला टेकण्याच्या क्षणी मूठ, मनगट, कोपर, खांदा असं सगळं एकदम करकचून आवळायचं. ज्या क्षणी टेकलं त्याच क्षणी लिंबू फुटलं पाहिजे. आधी आवळलं तर हात जड झाला, नंतर आवळलं तर थैलीचा दाब निघून जातो, लिंबू अख्खं राहतं आणि हातात दमच नाही.

हे सर कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते, पण शास्त्र तेच सांगतं. मूठ आणि मनगट मिळून भरतं किती? फार तर अर्धा किलो. हात लोंबता असेल तर समोरच्याला तेवढाच अर्धा किलो लागतो. टेकण्याच्या क्षणी सगळे सांधे ताठ झाले, तर मुठीच्या मागे खांदा आणि धडाचाही भार येऊन उभा राहतो. यालाच पळसुले 'प्रभावी वस्तुमान' म्हणायचे. हा सगळा खेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत होतो. तेवढ्या वेळात विचार करून मूठ वळता येत नाही. ती सवयीनेच वळावी लागते, आणि सवय लागायला शलाकाला चार वर्षं आणि काही हजार लिंबं लागली होती.

सराव संपला की त्याच फुटक्या लिंबांचं सरबत व्हायचं. पातेल्यात साखरपाणी तयार असायचं, मुली आपापलं लिंबू पिळून टाकायच्या. अकोल्याच्या उन्हाळ्यात त्यासारखं सुख नाही. सरांना एका गोष्टीचा मोठा तोरा होता. पाहुणा आला की ते हटकून सांगायचे, "आमच्याकडं सरबताले सुरी लागत नाई."

आणि आता या लिंबापायी शलाका चौथ्या गटात गेली होती.

विभागीय स्पर्धेत तिची पहिलीच लढत पासष्ट किलोच्या मुलीशी लागली. पहिल्या फेरीत शलाका सरस होती. दुसऱ्या फेरीत एक ठोसा नाकावर बसला. तिचं डोकं असं मागे गेलं, की सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. नाकाचं हाड मोडलं. दोन दिवस तिला उजेड सहन होईना. खोलीत पडदे लावून ती पडून होती.

तिची आई, वंदनाबाई, डाळमिलमध्ये काम करायची. ती कामावरून थेट क्लबात आली, अंगावर डाळीचा पिवळा भुरका तसाच.

"सर, एक डाव नाक फुटलं, मी काई नाई बोलली. आता पुन्हा त्या म्हशींसंगं उभी केली, तं पोरीले घरी घेऊन जाईन. खेळ बंद."

"वंदनाबाई, हे वर्ष शेवटचं हाय. राज्याचं मेडल आलं तं खेळाडूच्या कोट्यातून पोलिसात लागते. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाते."

"मले समजते. म्हणून तं तुमच्याकडं आली. नाई तं मिलच्या मुकादमाकडं गेली असती, तिले डाळ निवडाले लावाले."

ती गेल्यावर सरांनी पळसुल्यांना फोन लावला आणि आपण काढलेली खोट सांगितली. ठोसा देणारीची ताकद मोजता, मग घेणारीची मान का मोजत नाही? डोक्याला धक्का बसतो तो डोकं किती झटक्याने फिरतं त्यावर. मान जाड आणि अंग भारी असेल तर डोकं कमी फिरतं. एकोणपन्नास किलोच्या पोरीची मान ती केवढी! तिचा ठोसा मोठा म्हणून तिची मान थोडीच मोठी होते?

पळसुल्यांनी मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं.

"तुमचा मुद्दा बरोबर आहे, सर. अगदी बरोबर आहे."

"मंग बदला ना!"

"मी एकटा कसा बदलणार? बॉक्सिंग मंडळाच्या पोर्टलवर सूचना टाका."

सरांनी सूचना टाकली. तीन वेळा टाकावी लागली, कारण दोनदा पोर्टलने त्यांना 'आपण मनुष्य आहात का?' असं विचारून बाहेर काढलं. शेवटी उत्तर आलं. 'आपली सूचना क्रमांक ४४१७ विचाराधीन आहे.' पुढचे चार महिने रोज सकाळी सर ते पान उघडत आणि सूचना रोज विचाराधीन असे. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी पंच पाहिले, निवड समित्या पाहिल्या, पुढारी पाहिले. त्या सगळ्यांशी निदान तोंडावर भांडता यायचं. इथे भांडायला कोणी समोरच नव्हतं, आणि याचाच त्यांना जास्त संताप यायचा.

त्याच फोनवर पळसुले आणखी एक गोष्ट सहज बोलून गेले होते. फेरमापन मागता येतं, पण मुद्दाम हलका ठोसा मारणारे लगेच पकडले जातात. पायाचा रेटा आणि कमरेचा वेग यांवरून यंत्र खांद्याकडून काय यायला हवं याचा अंदाज बांधतं. कुठे कसर केली की लाल खूण उमटते.

"अन् मुठीचं काय? मूठ कवा वळली, ते दिसते का?"

"नाही, ते नाही मोजत. हाताला लावलेले सेन्सर घामाने टिकत नाहीत. हातमोज्याच्या पुढच्या बाजूला फक्त आघात कळतो. मूठ ढिली असेल तर यंत्र समजतं, मनगट मुळात कच्चं आहे."

ते वाक्य सरांच्या डोक्यात आठवडाभर फिरत राहिलं. साखळीतली एकच कडी यंत्राला दिसत नव्हती, आणि नेमकी तीच कडी खंडारे सरांनी घडवली होती.

"शलाका, मूठ सोडाची," एका सकाळी सर म्हणाले.

तिच्या नाकावरची पट्टी नुकतीच निघाली होती. "म्हंजे काय सर?"

"पाय तोच, कंबर तीच, खांदा तोच. फक्त शेवटी मूठ वळाची नाई. लिंबू नाई फुटलं पाहिजे."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "चार वर्षं तुमी मले काहून शिव्या घातल्या मंग? लिंबू नाई फुटलं तं शेडला दहा चकरा मारल्या ना मी!"

"मले माहीत हाय."

"ही बेइमानी हाय, सर."

"हाव, बेइमानी हाय," सर चिडून म्हणाले. "अन् तुले पासष्ट किलोच्या पोरीसमोर उभं करणं, ती इमानदारी हाय? एक वर्ष. मेडल घे, पोलिसात लाग. मंग मूठ पुन्हा वळू. ती काय, कुठं पळून जात नाई."

ही सरांची चूक. बत्तीस वर्षं अंगाला सवयी लावणाऱ्या माणसानेच ती करावी, हे विशेष. मुठीला 'थोडे दिवस थांब' असं सांगता येतं, असं त्यांना त्या दिवशी खरंच वाटलं.

पहिल्या दिवशी अकरा लिंबं फुटली. शलाका मूठ ढिली ठेवायची आणि टेकताक्षणी बोटं आपोआप आवळली जायची. ती वैतागून ओरडायची, थैलीला लाथ मारायची. बाकीच्या मुली तिरक्या नजरेने बघायच्या. बाजूच्या थैलीवर त्यांना सर लिंबू फोडायला सांगायचे आणि इथे शलाकाला न फोडायला. एका तोंडाने दोन गोष्टी सांगून सरांचा घसा बसला.

तिसऱ्या आठवड्यात मनगट मुरगळलं. ते होणारच होतं. एवढ्या जोराने आलेला हात शेवटी ढिला सोडला की तो सगळा जोर मनगट वाकवतो. दहा दिवस बर्फ, मग पुन्हा थैली. आता दुखण्याच्या भीतीने हात आपणहून शेवटी कच खाऊ लागला, आणि शिकवणी एकदम सोपी झाली. सरांना हे दिसत होतं, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

सातव्या आठवड्यात एका सकाळी तिने वीस ठोसे मारले आणि वीस लिंबं अख्खी राहिली. कोणी टाळी वाजवली नाही. वंदनाबाईंनी त्या अख्ख्या लिंबांचं लोणचं घातलं आणि एक बरणी सरांकडे पाठवली. लोणचं छान मुरलं होतं, पण सरांना ते खाववेना.

फेरमापनाला पळसुलेच आले. तीस ठोसे झाले. लाल खूण एकदाही उमटली नाही. गट दुसरा, म्हणजे अठ्ठेचाळीस ते बावन्न किलोच्या मुलींचा. पळसुले पडदा न्याहाळत बराच वेळ उभे राहिले.

"मनगट दुखावलं होतं का हिचं?"

"हाव," सर म्हणाले. खोटं तर नव्हतंच.

"फार वाईट झालं हो. तो जुना आलेख मी विद्यार्थ्यांना दाखवतो. म्हणतो, हे बघा, एवढ्याशा शरीरातून इतकं निघू शकतं." त्यांनी सही केली. त्यांना काही कळलं होतं की नाही, हे सरांना कधीच समजलं नाही.

फसवणूक एका दिवसात संपणारी नव्हती. लढतीतल्या हातमोज्यांतही सेन्सर होतेच. आपल्या गटाच्या मर्यादेपेक्षा मोठे तीन ठोसे बसले की खेळाडू बाद. त्यामुळे वर्षभर सरावात आणि प्रत्येक लढतीत शलाका ढिल्या हाताने खेळली. पाय उत्तम होते, नजर उत्तम होती, गुणांवर ती जिंकत गेली. राज्य स्पर्धेत रौप्य मिळालं. जानेवारीत नेमणुकीचं पत्र आलं. वंदनाबाईंनी अख्ख्या क्लबाला पेढे वाटले आणि सरांच्या पायाला हात लावला. सर त्या दिवशी खरंच खूश होते. निदान रात्री झोपेपर्यंत तरी.

मग मार्चमध्ये सूचना क्रमांक ४४१७ मंजूर झाली.

पळसुल्यांनी स्वतः फोन केला. त्यांचा आनंद आवरत नव्हता. "सर, तुमची मान जिंकली! आता शरीराचं वजन आणि मानेची ताकद धरूनच गट पडणार. ठोशावरची मर्यादा गेली. शलाका आपल्या वजनाच्या मुलींशी खेळेल, आणि पूर्ण ताकदीने! मी मंडळाला तिचा जुना आलेख दाखवला. आशियाई स्पर्धेच्या शिबिरासाठी तिचं नाव जवळजवळ पक्कं आहे. रविवारी येतो, एकदा नुसतं मोजून घेतो. मनगट आता बरं असेल ना?"

"हाव," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

शनिवारी शलाका क्लबात आली. पोलिसाचं प्रशिक्षण सुरू व्हायला अजून महिना होता. शिबिराचं ऐकून तिचा चेहरा असा उजळला होता, की बाकीच्या मुलीही आपल्या थैल्या सोडून तिच्याभोवती जमल्या. पातेल्यात साखरपाणी विरघळून तयार होतं. ऊन पत्र्यावर तापत होतं.

सरांनी टोपलीतून चांगलं पिवळंधमक, पातळ सालीचं लिंबू निवडून तिच्या हातात ठेवलं.

"फोड."

ती उभी राहिली. टाच फिरली, कंबर फिरली, खांदा आला. थैली धप्पकन मागे गेली. शलाकाने हसत मूठ उघडली. लिंबू अख्खं होतं.

"पुन्हा."

पुन्हा अख्खं.

"सर, मी जोर लावून रायली ना! मले वाटते वळली मूठ. उघडून पायतो तं..."

"पुन्हा मार."

सर थैलीजवळ जाऊन उकिडवे बसले आणि तिच्या मुठीकडे टक लावून पाहू लागले. पाचव्या ठोशाला त्यांना दिसलं. मूठ वळत होती. पूर्ण वळत होती. पण थैली हातापासून सुटून मागे गेल्यावर, लिंबावरचा दाब गेल्यावर वळत होती. पापणी लवायला लागतो त्याच्याहून कमी वेळाचा उशीर. टेकण्याच्या क्षणी हात वाट बघत होता, दुखायची. दुखलं नाही याची खात्री पटली की मग आवळत होता.

दहाव्या ठोशाला तिचे डोळे भरून आले. "एक डाव अजून, सर. एकच."

"किती बी मार," सर म्हणाले. त्यांना तिच्यावर ओरडायचं होतं. मंडळावर, पळसुल्यांवर, त्या पोर्टलवर ओरडायचं होतं. पण ज्याच्यावर ओरडायला हवं तो माणूस तिथेच थैलीशेजारी उकिडवा बसला होता, आणि त्याच्यावर कसं ओरडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"चार वर्षं लागली होती," शलाका हळूच म्हणाली. "उद्या ते येऊन रायले."

"हाव."

मुली पातेल्याभोवती उभ्या होत्या. आज सराव सुरू होताच थांबल्यामुळे फुटलेलं लिंबू एकाही मुलीकडे नव्हतं. सरांनी शलाकाच्या हातातलं लिंबू घेतलं. ते तिच्या मुठीत बराच वेळ राहून कोमट झालं होतं.

"समोरच्या रसवंतीवरून सुरी आन," ते तिला म्हणाले.

शलाका जागची हलली नाही. "सुरी?"

"हाव. पोरींले तहान लागली."

ती गेली आणि सुरी घेऊन आली. सरांनी लिंबू बाकावर ठेवलं, एका हाताने धरलं आणि मधोमध कापलं. लिंबू चांगलं रसाळ निघालं.